किड्याच्या एक सण आधी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आमच्या एका आशाताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘घरातले किडे आणि त्यांवरचे उपाय’ या विषयावर बोला, असं मला सांगितलं तेव्हा आमच्या गटातली एक जण हसली. म्हणाली, "ताई, झुरळांवर काय भाषण करणार? खडू ओढायचा, फवारा मारायचा, संपलं." मी तिला म्हटलं, "आधी आपलं कर्जाचं रजिस्टर आण."

रजिस्टर उघडलं. कर्जाचं कारण लिहितो तो रकाना दोघींनी वरपासून वाचला. बियाणं, शाळेची फी, शेळी, शिलाई मशीन, आणि मधूनमधून एक शब्द, ‘दवाखाना’. मग बोट ठेवून महिने बघितले. श्रावणापासून दिवाळीपर्यंत ‘दवाखाना’ एकाखाली एक आलेला. त्या बायकांना आम्ही विचारलं. कुणाकडे डेंगी झालेला, कुणाच्या लेकराला जुलाब, एकीच्या सासऱ्यांना झोपेत मण्यार चावलेली. म्हणजे डास, माशी आणि उंदराच्या मागावर घरात आलेला साप. हसणारी गप्प झाली. तुम्हीही आज घरी जाण्याआधी आपल्या गटाचा तो रकाना एकदा वाचा.

मी आशा म्हणून वाड्यावस्त्या फिरते. आणि माझ्या घरामागे भाड्याच्या चार खोल्याही आहेत, तुमच्यातल्या बऱ्याच जणींसारख्याच. त्यामुळे आज जे सांगणार ते दुसऱ्याच्या घरात बघितलेलं आहे आणि स्वतःच्या घरात भोगलेलंही आहे.

माझं म्हणणं एकच आहे. किडा अचानक येत नाही. ज्याची त्याची वेळ ठरलेली असते. तो आल्यावर आपण औषध शोधत पळतो, ते वरातीमागून घोडे. तो यायच्या एक सण आधी आपण जागं व्हायचं. सण अशासाठी म्हणते, की तारीख आपण विसरतो, सण विसरत नाही. आपल्या आज्यांनी घरातली मोठी कामं सणांना बांधून ठेवली होती. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही, पण वेळ बरोबर होती.

किड्याला तीनच गोष्टी लागतात. पाणी, खाणं आणि दडायला जागा. ऋतू बदलला की या तिन्हींची ठिकाणं बदलतात, म्हणून किडा मुक्काम बदलतो. उन्हाळ्यात रान कोरडं पडतं आणि ओल फक्त आपल्या मोरीत उरते, तेव्हा मुंग्या आणि झुरळं आत येतात. पावसाळ्यात बिळांत पाणी भरतं, तेव्हा उंदीर, गोम, साप वर येतात. हिवाळ्यात पिकं निघतात, रान रिकामं होतं, आणि उंदीर दाण्याच्या मागे घरात येतो. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं भाषण झालं.

आपल्या चाकण पट्ट्यात मात्र एक चौथी गोष्टही आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुठंही जा, शेताच्या जागी शेड आणि घरामागे खोल्या झाल्यात. कंपनीची खोकी, लाकडी पॅलेट, थर्माकोल, प्लॅस्टिकचे ड्रम आपण स्वस्तात मिळतात म्हणून घरी आणतो. खोक्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात, थर्माकोलच्या खाचांत पाणी साठतं. रासायनिक मालाचा ड्रम तर कितीही धुतला तरी पाण्याला आणि धान्याला वापरायचा नाही. किड्याचं बोलताना हेही लक्षात असू द्या.

पाडवा ते अक्षय तृतीया : धान्य

पाडव्याला आपण कडुनिंब आणतो. त्याच दिवशी धान्याची आठवण करायची. गव्हात आषाढात सोंडे दिसतात म्हणून आपण पावसाला दोष देतो. पण सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते. दाणा बाहेरून चांगला दिसतो आणि पोतं अंडी घेऊनच घरात येतं. पावसाची ओल मिळाली की ती वाढतात. म्हणून इलाज चैत्रातच करायचा.

धान्य पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओला आहे. एक चूक आपण सगळ्या करतो. संध्याकाळी धान्य गरम असतानाच कोठीत भरतो. आत त्याला घाम सुटतो आणि तीच ओल किड्याला पुरते. सावलीत पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. जुना गहू नव्यात मिसळू नका. कोठीच्या तळातली भुकटी आणि सांदीतले दाणे आधी झाडून टाका, कारण गेल्या वर्षीचा किडा तिथंच बसलेला असतो. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच टाका. ओला पाला म्हणजे उलट ओल. हरभरा, मूग, तूर यांना तेलाचा हलका हात फिरवा, म्हणजे भुंग्याची अंडी टिकत नाहीत. कोठी काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. आत हवा जितकी कमी, तितका किडा कमी. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकायची काही घरांत पद्धत आहे. ती बंद करा. पारा हे विष आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण तीच सांगायची म्हणून आज उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी गव्हाला ऊन द्यायला मला वेळ झाला नाही. सर्व्हे चालू होता, घरात लग्न होतं. आमच्या मालकांनी कुणाकडून तरी त्या गोळ्या आणल्या, धान्यात ठेवतात त्या. चार गोळ्या फडक्यात बांधून कोठीत टाकल्या. कोठी मागच्या खोलीत. त्या खोलीच्या आणि भाडेकरूंच्या खोलीच्या मध्ये पत्र्याची आडभिंत, वर आढ्यापर्यंत न पोचलेली. पलीकडे एक जोडपं, त्यांची दोन वर्षांची मुलगी. तो कंपनीत रात्रपाळीला गेलेला.

पहाटे तिनं माझं दार वाजवलं. पोरीला उलट्या होत होत्या, तिलाही पोटात मळमळत होतं. म्हणाली, "ताई, रात्रीची भाजी बाधली वाटतं." मी पण तेच धरून चालले. ओआरएसचं पाकीट घेऊन तिच्या खोलीत पाय टाकला आणि वास आला. लसणासारखा, सडक्या मासळीसारखा. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोरीला उचललं, दोघींना बाहेर काढलं, सगळी दारं उघडली, गोळ्यांची डबी पिशवीत घातली आणि गाडी करून दवाखाना गाठला. ती डबी बघून डॉक्टरांना लगेच कळलं. पोरगी वाचली, पण चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

त्या गोळीचं नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. किडा मरतो तो या वायूनं, आणि माणूसही त्यानंच मरतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला सावरून धरतात. वायू फटीतून, आढ्यावरून, पत्र्याच्या जोडातून शेजारच्या खोलीत जातो. पहिली लक्षणं उलटी, पोटदुखी, घाबरल्यासारखं होणं, म्हणजे थेट अन्न बाधल्यासारखी, म्हणून वेळ फुकट जातो. कायद्यानंही ही गोळी घरगुती वापराची नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रण करणारे यांनीच ती देखरेखीखाली वापरायची आहे. तरीही ती आपल्या घरात येते, कारण कुणीतरी ओळखीनं देतो आणि आपण विचारत नाही.

म्हणून राहत्या घरात ही गोळी नको. एकही नको. कुणाच्या घरात असेल तर तिच्यावर पाणी ओतू नका, पाण्यानं वायू जास्त सुटतो. खोली मोकळी करा, माणसं बाहेर काढा. कुणाला त्रास होत असेल तर डबी सोबत घेऊन दवाखान्यात जा.

मृगाच्या आधी : पाणी आणि भोकं

मृग लागायच्या आधी आपण छपरावरची कौलं, पत्रे बघतो. त्याच आठवड्यात दोन कामं आणखी. पाण्याची भांडी आणि भिंतीची भोकं.

डेंगीचा डास गटारातला नव्हे. तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. पिंपरी-चिंचवड शहरात २०१९च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं, आपल्या बऱ्याच वाड्यांवर टँकर असतो. पाणी साठवणं ही आपली चूक नाही, गरज आहे. पण डास तिथंच येतो. पाण्याच्या कडेला, ड्रमच्या भिंतीला तो अंडी चिकटवतो. ती अंडी पाणी आटलं तरी कोरडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणजे उन्हाळ्यात रिकामा ठेवलेला ड्रम पावसाळ्यात डास देणारच. नुसतं पाणी ओतून देऊ नका. ड्रम आतून काथ्यानं, घासणीनं खरवडून घासा.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. आठवड्यात एकदा सगळी भांडी रिकामी केली की त्याची साखळी तुटते. जी टाकी रिकामी करता येत नाही तिला जाळी किंवा घट्ट कापड बांधा. वापरात नसलेल्या हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथून मिळतात. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कांदाचाळीवरच्या ताडपत्रीचे खळगे, सगळं बघा. धूर फवारणारी गाडी आली की आपल्याला बरं वाटतं. पण धुरानं उडणारे डास मरतात, ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि हे फक्त डेंगीचं नाही. २०२१च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो मुंबई-पुण्यात नाही, आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. डास तोच, डेंगीचा. झिका गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. गटातली कुणी पोटुशी असेल तर तिच्या घरची भांडी आपण सगळ्यांनी मिळून घासायची. ताप आला तर पॅरासिटामोलच द्या. ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन मनानं देऊ नका, डेंगीत त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

आता भोकं. करंगळी जाईल एवढं भोक बारक्या उंदराला पुरतं. पाइप भिंतीतून जातो तिथं, दाराखालची फट, पत्रा आणि भिंतीचा सांधा. आधी तारेची घासणी ठासून भरा आणि वरून सिमेंट लावा. नुसतं सिमेंट ओलं असताना तो उकरतो. उंदीर आत आला नाही, तर त्याच्या मागं साप येत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावलेलं कळतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. असं झालं तर बांधणं, कापणं, मांत्रिक काही नको. १०८ला फोन करा आणि ज्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे तिथं जा. आपला ग्रामीण दवाखाना ती ठेवतो का, हे आजच विचारून ठेवा. शक्यतो कॉटवर झोपा. जमिनीवर झोपावं लागत असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली सगळीकडून नीट खोचा. एका मच्छरदाणीत डासही अडतो आणि मण्यारही.

माशांचं थोडक्यात. पावसाळ्यात उकिरडा घराजवळ असेल तर घरात माशी असणारच. उकिरडा लांब न्या, वर माती टाका. सडका कांदा रोजच्या रोज निवडून बाहेर काढा, चिलटं आपोआप कमी होतात.

घटस्थापनेच्या आधी : गोधड्या

नवरात्राच्या आधी आपण घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा, चादरी धुतो. पूर्वी इंद्रायणीच्या, भामेच्या काठावर बायकांची रांग लागायची. आता घरात वॉशिंग मशीन आलं आणि गोधडी त्यात मावत नाही, म्हणून ती धुवायची राहते. ढेकणाला हेच हवं असतं.

ढेकूण कुणाच्या घरात आहे हे आपण बोलत नाही. घरमालकीण म्हणते, "भाडेकरूंनी आणले." भाडेकरू म्हणतो, "खोलीत आधीच होते." दोघंही खरं बोलत असतील. ढेकूण बॅगेतून, एसटीतून, जुन्या कॉटमधून कुठूनही येतो. घाणीवर तो जगत नाही, रक्तावर जगतो, म्हणून स्वच्छ घरातही होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाजेपायी लपवलं की मात्र तो आख्खी चाळ धरतो.

आपल्या खोल्यांत अजून एक अडचण आहे. एकाच कॉटवर दिवसपाळीचा रात्री झोपतो आणि रात्रपाळीचा दिवसा. अंथरूण कधी रिकामं राहत नाही, उन्हात जात नाही. ढेकूण रात्रीच निघतो म्हणतात, पण दिवसा झोपणारा मिळाला तर तो दिवसाही निघतो. ढेकणामुळे रोग पसरल्याचं दिसत नाही हे खरं. पण ज्या पोराची झोप झाली नाही तो सकाळी प्रेस मशीनसमोर उभा राहतो, हे तुम्ही विसरू नका. आपल्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, मुलं तिथं उभी असतात.

उपाय उष्णतेचा. ढेकूण आणि त्याची अंडी कडक गरम पाण्यात मरतात. कपडे, चादरी उकळत्या पाण्यात भिजवा. लोखंडी कॉटचे सांधे, नटबोल्टच्या जागा, पायांच्या टोप्या यांत उकळतं पाणी ओता. गादी, गोधड्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. लाकडाच्या आणि भिंतीच्या भेगा बुजवा. रॉकेल, पेट्रोल कॉटवर शिंपडायचं नाही. ढेकूण राहतो बाजूला, खोली पेटते. शेतातलं फवारणीचं औषधही अंथरुणाजवळ नको. ढेकणांसाठी लोक वर्षानुवर्षं जे डायक्लोरव्हॉस वापरत होते, ते ३१ डिसेंबर २०२०पासून देशात बंद झालं आहे. कुणाकडे जुनी बाटली असेल तर ती वापरू नका.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. एका खोलीत केलं की ढेकूण शेजारच्या खोलीत जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. चाळीतल्या सगळ्या खोल्यांत एकाच दिवशी करायचं. मालकिणीनं स्वतःच्या खोलीपासून सुरुवात केली, तर भाडेकरू लपवत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास : उंदीर

खेडच्या पश्चिम भागात आणि मावळात दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येतं. खाचरं रिकामी झाली की उंदीर घराकडे वळतो. मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी सहा ते दहा, आणि दोन-तीन महिन्यांत ती पिल्लंही वितात. म्हणून दिवाळीत दिसलेला एक उंदीर संक्रांतीला एक राहत नाही.

उंदराचं आपल्या भागाला फार जुनं दुखणं आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग जाहीर झाला आणि त्या हिवाळ्यात तो पुण्यात पसरला. रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघर शिरले, माणसं बाहेर काढली, सामान फेकलं. त्या अपमानाचा सूड म्हणून आपल्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेत शिकलो. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करत होता आणि त्या रुग्णांना दवाखान्यापर्यंत आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली, असं सांगतात.

पण एक गोष्ट तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत १८९८ साली दाखवून दिलं. म्हणजे साथ चालू होती तेव्हा घरं उलटीपालटी झाली, माणसं मेली, आणि पिसू कुणी बघितली नाही. गावच्या लोकांना मात्र अनुभवानं एक कळलं होतं. घरात ‘उंदीर पडला’, म्हणजे आपोआप मेलेला दिसला, की गाव उठायचं. रानात झोपड्या घालायच्या. कडक उन्हाळा आला की साथ ओसरायची आणि पुढच्या थंडीत परत डोकं काढायची. तुमच्या आजेसासूनं ‘उंदीर पडला’ हा शब्द कधी वापरला असेल, तर तो तिथून आलेला आहे.

हे जुनंच आहे असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर १९९४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची बातमी झाली. भूकंपाच्या धास्तीनं लोक घराबाहेर राहिले, घरात धान्य पडून राहिलं आणि उंदीर वाढले, असं तेव्हा सांगितलं गेलं. आज प्लेगवर औषधं आहेत, घाबरून जायचं कारण नाही. पण अजूनही एका जागी आपोआप मेलेले बरेच उंदीर दिसले, तर झाडून टाकून गप्प बसू नका. हात लावू नका, आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

घरात पिंजरा लावा. भिंतीच्या कडेनं लावा, कारण उंदीर भिंत धरून पळतो. धान्य पत्र्याच्या डब्यात, खरकटं रात्री झाकलेलं. उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणू नका. लेकराच्या हाताला लागते, रागाच्या भरात कुणी तोंडात घालतं, आणि पहिले एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो. मग यकृत निकामी होतं. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

संक्रांत ते होळी : नदीकाठचे डास

थंडी कमी झाली की पवना, इंद्रायणीच्या पात्रात जलपर्णी फोफावते आणि संध्याकाळी दार उघडं ठेवता येत नाही. हा डास वेगळा. घाण, साठलेल्या पाण्यातला, रात्री चावणारा. नदीची जलपर्णी एकट्या बाईनं निघणार नाही. ती ग्रामसभेत, महापालिकेकडे मागायची गोष्ट आहे. ती ही पानं पसरायच्या आधी, म्हणजे डिसेंबरातच मागायची. आपल्या हातातलं एक काम मात्र स्वस्त आहे. संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला वरून नायलॉनची जाळी बांधा. शेकडो डास त्या पाइपातून बाहेर येतात.

होळीनंतर मुंग्या, झुरळं. रात्री झोपताना ओटा आणि मोरी कोरडी पुसा, गळका नळ दुरुस्त करा. झुरळ खाण्यावाचून बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून फार काढत नाही. विंचवासाठी सरपण आणि पॅलेटचा ढीग घराच्या भिंतीपासून लांब ठेवा आणि चप्पल झटकून घाला. विंचू चावला तर वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार शोधून हजारो जीव वाचवले आहेत. पण ती डॉक्टरांनीच द्यायची, आणि त्यासाठी वेळेत पोचायला हवं.

आता ठराव

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. ते नुसतं फलकावर नको. माझी तीन मागणी आहेत, पटली तर आजच्या प्रोसिडिंगमध्ये लिहा.

पहिली, प्रत्येक गटानं मे महिन्यात एक दिवस ठरवून गल्लीतले सगळे ड्रम आणि टाक्या एकत्र घासायच्या, मालकिणीचे आणि भाडेकरूंचेही. दुसरी, ज्यांच्या खोल्या भाड्यानं आहेत त्यांनी घटस्थापनेच्या आधी सगळ्या खोल्यांचा ढेकूण एकाच दिवशी काढायचा. पाण्यानं भागलं नाही तर परवानाधारक माणूस मिळून बोलवायचा आणि खर्च वाटून घ्यायचा. लागलं तर गटातून कर्ज द्यायचं. या कर्जाच्या कारणाला ‘दवाखाना’ लिहावं लागणार नाही. तिसरी, कुणाच्याही राहत्या घरात ती धान्याची गोळी राहणार नाही. दुकानदार ओळखीनं देत असेल तर आपणच त्याला सांगायचं, देऊ नका.

ती भाडेकरूबाई आता आमच्याकडे राहत नाही. नवऱ्याची कंपनी बदलली, ते रांजणगावकडे गेले. जायच्या दिवशी तिनं माझ्या पाया पडायला वाकलं, पोरीला वाचवलं म्हणून. मी तिला उठवलं. गोळी माझ्याच कोठीतली होती, हे मी तिला तेव्हाच, दवाखान्यात सांगितलं होतं. तरी ती वाकली. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गहू मी आता पाडव्याला वाळवते. सर्व्हे असो, लग्न असो.